वरच्या मजल्याचं पाणी

माझी मोठी जाऊ रस्मिया हिला आमच्या संसाराबद्दल जे काही कळलं, ते सगळं मोरीच्या पाइपातून कळलं. मी होऊन तिला कधी काही सांगितलं नाही. सांगणार कशाला? सव्वीस वर्षं आम्ही दोघी एका घरात वर-खाली राहतोय, त्यातली वीस तरी कुरबुरीत गेली. पण माझ्या नवऱ्याने आंघोळ केली की टाळली, गुरुवारी मी किती चादरी धुतल्या, हे तिला खाली अंगणात बसल्या जागी कळायचं. आणि कळल्यावर गप्प बसायचं, हे त्या बाईला अल्लाने शिकवलेलंच नाही.

घर अम्मानमधलं, अश्रफियाच्या उतारावरचं, सासऱ्यांनी बांधलेलं. खाली रस्मिया एकटी. वर तेव्हा आम्ही चौघं: मी, माझा नवरा रातिब, मुलगी हला आणि मुलगा हैसम. पुढे हातभर अंगण. त्यात एक लिंबू, एक अंजीर, लोखंडी मांडवावर द्राक्षाचा वेल, आणि भिंतीलगत तुपाच्या रिकाम्या डब्यांतून पुदिना. लिंबाचं झाड थोरल्या दिरांनी उसैद जन्मला तेव्हा लावलेलं. उसैद म्हणजे त्यांचा एकुलता एक, तो आता कुवेतला. दीर जाऊन आठ वर्षं झाली. उसैद दर शुक्रवारी फोन करून म्हणतो, "आई, इकडे ये, एसीत राहा." ही म्हणते, "एसीत काय ठेवतात माहितीय ना? मेलेली कोंबडी."

दिसायला बुटकी नि आडवी. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण शिकवलेलं, त्यामुळे आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचणारा. सकाळची नमाज झाली की त्याच फुलाफुलांच्या झग्यात, पायात नवऱ्याचे लष्करी बूट घालून, ही अंगणात उतरायची. दाराशी येणाऱ्या भाजीवाल्याला पहिल्यांदा वाटलं होतं की आजी चळलीय. दुसऱ्यांदा त्याची खात्री झाली.

हे पाण्याचं खूळ शिरलं ते एका शिबिरामुळे. मोहल्ल्याच्या महिला मंडळात कुणी तरी इंजिनिअर मुलगी आली होती, घरच्या बागेला घरचंच वापरलेलं पाणी कसं द्यायचं ते शिकवायला. आम्ही बाकीच्या चहा आणि केकसाठी गेलो होतो. ही वही घेऊन गेली. शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं. माझं कुठे आहे, मला ठाऊक नाही. हिने तिचं काचेत घालून दिवाणखान्यात लावलं, आणि तेवढी जागा करायला दिरांचा फोटो वीतभर डावीकडे सरकवला.

"अहो, नवऱ्याला सरकवलंत?" मी म्हटलं.

"पस्तीस वर्षं मधोमध बसला होता," ती म्हणाली. "आता जरा सरकू दे."

मग तिने कामाला हात घातला. लोक ज्याला कचरा म्हणतात ते ती गोळा करायला लागली. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडून कॉफीचा गाळ. मुलूखियाच्या, म्हणजे आमच्या लाडक्या पालेभाजीच्या, दिवसांत आम्ही सगळ्या बायका ओट्यावर बसून पाला खुडतो, त्याच्या काड्यांचे ढीग ती पोतं भरून न्यायची आणि झाडांच्या आळ्यात पसरायची, म्हणजे ऊन मातीला लागत नाही. फक्त भाकरीचा तुकडा तिने मातीत कधी घातला नाही. वाळकी भाकरी पिशवीत घालून फाटकाला टांगणार, मेंढीवाला येऊन नेणार. "अन्न पायदळी तुडवणारी मी नव्हे," म्हणायची. कॉफीचा गाळ अन्न नाही का, असं एकदा मी विचारलं, तर पुढचे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मजेत गेले.

पण एकट्या म्हातारीचं सांडपाणी ते किती? बादलीभर. आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा, गुरुवारी. ते छतावरच्या टाक्यांत भरायचं आणि आठ दिवस पुरवायचं. मग तिची नजर गेली आमच्या पाइपाकडे. आमच्या न्हाणीचा नि कपड्यांच्या यंत्राचा पाइप तिच्याच अंगणातून खाली गटारात जातो. एका सकाळी आम्हाला न विचारता, न सांगता, बाईने तो करवतीने कापला, खाली वाळू-खडीने भरलेलं पिंप ठेवलं आणि तिथून नळी फिरवली थेट झाडांच्या आळ्यात. पुदिन्याला मात्र ते पाणी नाही हं. जे कच्चं खायचं त्याला स्वयंपाकघरातलं तांदूळ धुतलेलं पाणी. एवढं शिबिरातलं पक्कं.

हे मला कसं कळलं? ती खालून ओरडली म्हणून कळलं.

"उम्म हैसम! ए उम्म हैसम! अबू हैसमने आज आंघोळ केली नाही का गं? झाडं वाट बघतायत!"

उम्म हैसम म्हणजे हैसमची आई, मी; अबू हैसम म्हणजे त्याचा बाप. गल्लीतल्या सहा खिडक्या उघडल्या. रातिब न्याहारीला बसला होता. त्याचा घास तसाच हातात राहिला.

माझा नवरा नगरपालिकेच्या कचेरीत वजनदार माणूस. गल्लीत त्याची ऐट. त्या दिवसापासून शरमेने तो दिवसातून दोनदा आंघोळ करायला लागला. खाली लिंबाला पालवी फुटली. मग कुणी तरी त्याच्या ध्यानात आणून दिलं की लेका, तू बाग शिंपतोयस. त्यावर त्याचा असा भडका उडाला की तो टॉवेल-साबण घेऊन झरकाला बहिणीकडे आंघोळीला जायला लागला. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. घरी येईपर्यंत परत घामाने डबडबलेला.

"अबू हैसम," ही फाटकात उभी राहून म्हणायची, "घरची बरकत बाहेर नेऊन सांडतोस रे!"

रातिबला मुळात बाग नकोच होती. त्याला अंगणात फरशी हवी होती आणि फरशीवर गाडी. घर दोघा भावांच्या नावावर, त्यामुळे हिची सही लागणार. ही म्हणायची, "फरशीवर खुर्ची टाकून मी काय बघू? तुझ्या गाडीचं ढुंगण?" मी? मी अर्थात नवऱ्याच्या बाजूची. फरशी धुवायला सोपी. माती काय, घरात येते, पायाला लागते.

मग हलाला स्थळ आलं. मुलगा चांगला, दातांचा डॉक्टर, घरचे मोठे खानदानी. सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी त्यांची जाहा येणार ठरलं, म्हणजे मुलीला मागणी घालायला मुलाकडचे पन्नास पुरुष. पन्नास खुर्च्या मांडायच्या कुठे? अंगणात. रातिबने लगेच उचल खाल्ली. "आता तरी फरशी घालू द्या. पाहुण्यांना काय शेणामातीत बसवू?"

"शेण कुठेय? शेण असतं तर कशाला हवी होती तुझी आंघोळ?" रस्मिया म्हणाली.

शेवटी मामाला बोलावलं. खालो मिफ्लेह, नवऱ्याचे मामा, ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या शब्दाबाहेर आमच्यात कुणी नाही. म्हाताऱ्याने अंगणात बसून पुदिन्याचा चहा प्यायला.

"पुदिना फक्कड आहे," ते म्हणाले.

"माझे पाय धुतलेलं पाणी आहे त्यात," रातिब पुटपुटला.

"खोटं!" रस्मिया ताडकन उठली. "पुदिन्याला तांदळाचं पाणी जातं! याचे पाय मी अंजिराला लावलेत!"

मामा हसून हसून खोकायला लागले. मग त्यांनी निकाल दिला. उन्हाळाभर विकतचा टँकर न आणता रस्मियाने बाग हिरवी ठेवली, तर पाहुणे झाडांखाली बसतील आणि फरशीचा विषय कायमचा संपला. झाडं वाळली, तर जाहाच्या आधी फरशी. आणि रस्मियाने मुकाट्याने सही करायची.

ती कबूल झाली. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्यावर आहे गं सगळं. मला हात दे."

तिने मला उभ्या जन्मात काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "पाणी काय, जातंच आहे. घ्या."

मग तिने आमच्या जिन्याच्या खिडकीशी पाइपाला एक कॉक बसवून घेतला. साधा साबण असेल तर कॉक सरळ, पाणी बागेत. ब्लीच, ॲसिड असलं काही घातलं तर कॉक आडवा, पाणी गटारात. मला कुराणावर हात ठेवायला लावायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. "ब्लीच म्हणजे विष आहे नजाह, लिंबाला तर सोसतच नाही. विसरू नकोस." मी विसरले नाही. जून, जुलै, अर्धा ऑगस्ट, एकदासुद्धा नाही. माझी मलाच गंमत वाटायची. कपडे धुताना मनात यायचं, चला, वेलाची सोय झाली. अंगणात असली सावली धरली की दुपारी मीच खाली जाऊन बसायला लागले. दोघी द्राक्षाची पानं भरायला घ्यायचो आणि आख्ख्या गल्लीची निंदा करायचो. ती अंजीर सोलून माझ्या हातावर ठेवायची. आता वाटतं, सव्वीस वर्षांतला तो सगळ्यात चांगला उन्हाळा.

आणि त्यात माती मी कालवली.

झालं असं. जाहाच्या अठरा दिवस आधी मुलाची आई चहाला आली. बाई फार ताठ. सोफ्याच्या कडेवर बसलेली, जसं काही सोफा उष्टा आहे. हलाला न्याहाळून म्हणाली, "माशाल्ला, केस किती काळेभोर. आमच्यात रंगवलेले केस चालत नाहीत बाई." हला लाजली. मी म्हटलं, "जन्मापासून असेच." आणि बरोबर त्या क्षणाला उघड्या खिडकीतून खालून आवाज आला:

"उम्म हैसम! हलाने केसांना रंग लावला का गं आज? पाणी काळंकुट्ट आलंय!"

मुलाच्या आईने कप खाली ठेवला. हलाचं तोंड पांढरंफटक पडलं. पोर आत जाऊन रडत बसली. रात्री मुलाचा फोन आला तेव्हा कळलं की त्याला काही फरक पडत नाही, तो आईला समजावेल. पण त्या संध्याकाळी ते मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की या बाईने माझ्या लेकीचं वाटोळं केलं. मी खाली गेले नाही, भांडले नाही. आतल्या आत धुमसत राहिले.

तीन दिवसांनी गुरुवार आला. पाण्याचा दिवस. त्या दिवशी आमच्या गल्लीत जे होतं ते तुम्ही बघायला हवं. सगळ्या बायका पदर खोचल्यासारख्या झगे खोचून उतरतात, गालिचे बाहेर, लाद्यांवर पाणी ओतायचं आणि रबराच्या झाडूने लोटायचं. पाहुणे येणार असले की पाण्यात ब्लीच, नाही तर घर धुतल्यासारखं वाटतच नाही. मी चार मोठ्या बाटल्या आणल्या होत्या. खोल्या धुतल्या, न्हाणी धुतली, बादल्यांवर बादल्या मोरीत ओतल्या.

घाईत कॉक विसरले, असं मी कुणी विचारलं तर सांगणार होते. विसरले नव्हते. पहिली बादली ओतायच्या आधी मी खिडकीशी उभी होते. हात कॉकवर होता. सरळ होता तो. मला तिचा आवाज आठवला, "काळंकुट्ट आलंय!" आणि मी हात काढून घेतला. चारही बाटल्या गेल्या.

रस्मिया त्या वेळी बाजारात होती. परत आल्याचं मी वरून पाहिलं. ती पिंपापाशी गेली, वाकली, वास घेतला. आता ओरडेल, असं मला वाटलं. मी उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक तिखट. ती ओरडली नाही. मान वर करून आमच्या खिडकीकडे तिने एकदा पाहिलं, आणि आत जाऊन तिच्या स्वतःच्या टाकीची नळी घेऊन आली. नुकतीच भरलेली टाकी, आठ दिवसांची. ती सगळी तिने लिंबाच्या आळ्यात सोडली, वरचं विष मुळांच्या खाली जावं म्हणून. तासभर ती नळी धरून उभी होती. त्यानंतर आठवडाभर ती शेजारणीकडून प्यायचं पाणी मडकंभर आणायची आणि नमाजाआधी हात-तोंड धुवायच्या ऐवजी मातीवर हात टेकून वजू करायची. पाणी नसेल तेव्हा तसं चालतं. पण आमच्याकडे एक घोट तिने मागितला नाही.

वेल पिंपापासून लांब होता, अंजीर दांडगा. ते तगले. लिंबाची पानं मात्र तिसऱ्या दिवशी कडेने करपली, पाचव्या दिवशी गळायला लागली. तेराव्या दिवशी, जाहा दोन दिवसांवर आली असताना, झाडावर फक्त काटे नि सुकलेली कोवळी फळं राहिली. मी वर पडद्याआड उभी राहून बघायची. जेवण जात नव्हतं. आपण काय करून बसलो, हे मला पुरतं कळलं होतं, आणि खाली जायची हिंमत होत नव्हती.

मामा आले. रातिब त्यांना हाताला धरून झाडापाशी घेऊन गेला. "बघा. मेलं. फरशीवाला उद्या सकाळी येऊ शकतो, मी बोलून ठेवलंय."

"काय झालं गं याला?" मामांनी रस्मियाला विचारलं.

मी जिन्यात उभी.

"माझी चूक झाली," रस्मिया म्हणाली. "पिंप धुवायला मीच ब्लीच घातलं. म्हातारपण. लक्षात राहिलं नाही."

रातिबने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला ते खरंच वाटलं.

"मग ठरल्याप्रमाणे..." मामा जड आवाजात म्हणाले.

"ठरल्याप्रमाणे. कुठे सही करायची ते सांगा." तिने झग्याला हात पुसले. "उसैदला फोन केलाय मी. हलाची मागणी झाली की जाते कुवेतला. तो म्हणतोच आहे कधीपासून. एसी आहे."

एसी आहे, असं ती म्हणाली. मी तीन-तीन पायऱ्या उतरले.

"खोटं बोलतेय ही!" मी किंचाळले. बोलण्याची काही तयारी नव्हती, जे आलं ते आलं. "मी ओतलं! चार बाटल्या! कॉक दिसत होता मला, मुद्दाम नाही फिरवला! खालो, हिने एक थेंब चुकीचा घातला नाही उन्हाळाभर!"

गल्लीतल्या सहा खिडक्या उघड्या होत्याच. मामांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली.

"म्हणजे झाड हिच्याकडून नाही वाळलं," ते म्हणाले. "वरच्या मजल्याने मारलं. मग कसली फरशी? वेल हिरवा आहे, अंजीर हिरवा आहे. पाहुणे इथेच बसतील." मग रातिबकडे वळून, "आणि तू. झरकाला जाणं बंद. घरात न्हा."

मागणीच्या दिवशी पन्नास पुरुष वेलाखाली बसले. वाळक्या लिंबावर रस्मियाने दिव्यांची माळ सोडली होती. मुलाच्या काकांनी रिवाजाप्रमाणे कॉफीचा कप न पिता समोर ठेवला, मामांनी "मुलगी दिली" म्हटल्यावर मग प्यायला. सगळे गेल्यावर रस्मिया बादली घेऊन फिरली आणि पन्नास कपांतला गाळ गोळा केला. मी कप उचलून देत होते.

"माझ्यावरचं तुम्ही अंगावर का घेतलंत?" मी विचारलं.

"हलासाठी. मागणीच्या तोंडावर दोन जावा अंगणात एकमेकींच्या झिंज्या उपटतायत, ही बातमी तिच्या सासूला हवी होती का? एकदा तोंड उघडून त्या पोरीचं नुकसान करून बसलेच होते मी." तिने बादली दुसऱ्या हातात घेतली. "तुझ्यासाठी नाही घेतलं. चढून जाऊ नकोस."

लिंबू तोडू दिलं नाही तिने. पुढच्या मार्चमध्ये बुंध्याशी फुटवे आले, हिरवेगार, लांब काट्यांचे. मी आनंदाने ओरडले. ती म्हणाली, "खुळे, हे लिंबू नव्हे. कलम गेलं, हा खालचा खुंट फुटलाय. कडू नारिंग येणार." उसैदच्या बापाने लावलेलं लिंबू गेलं ते गेलंच. पाचव्या वर्षी नारिंगं धरली. आल्यागेल्याला ती सांगते, "हे नजाहचं झाड. तिने लावलं." लोकांना वाटतं कौतुक करतेय. मी मान खाली घालून चहा ओतते.

कॉक अजून आहे. दर गुरुवारी मी तो आडवा करते आणि खिडकीतून ओरडते, "वळवला!" खालून आवाज येतो, "कळलं!" मगच बाटली उघडते. केसांच्या रंगाबद्दल मात्र ती कधी बोलत नाही. परवा माझ्या केसांना लावला तेव्हाही नाही. पाणी नक्की काळं गेलं असणार.

त्या नारिंगांच्या सालींचा ती मुरांबा घालते. साली आधी तीन दिवस भिजत ठेवायच्या, रोज पाणी बदलायचं, म्हणजे कडूपणा उतरतो. पहिल्या वर्षी सगळ्या शेजारणींना बरण्या गेल्या, मलाही आली. बाकीच्या बोटं चाटत होत्या. माझा पहिला घास तोंडात गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं, इतका कडू. माझ्या साली तिने वेगळ्या शिजवल्या होत्या, एकदाही न भिजवता. मी बरणी परत नाही केली. रोज एक चमचा, महिनाभर, पूर्ण संपवली आणि धुऊन दिली. तिने बरणी उजेडात धरून तळ बघितला, हं म्हणाली.

दुसऱ्या वर्षी बरणी देताना सांगून गेली, "एकदा बदललंय पाणी." यंदा म्हणाली, "दोनदा."